गोदू धवलारणीचं मीठ

मनस्वीने खारातल्या कैऱ्यांची बरणी उघडली, तेव्हा तिची सासू गोदू समोरच लसूण सोलत बसली होती. तिने मान आणखी खाली घातली.

बरणीत कैऱ्या जशाच्या तशा होत्या, एकावर एक रचलेल्या. खार मात्र थेंबभरही नव्हता. पाण्याविना कैऱ्या सुरकुतून एकमेकींना चिकटल्या होत्या. चोर असता तर त्याने कैऱ्या नेल्या असत्या. मांजर खार पीत नाही. नवरा भावेश न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलरच्या मागे गेला की दोन दोन दिवस घरी जेवत नाही. राहता राहिले सासरे.

"बाबा," मनस्वी बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली, "तुम्हाला बीपी आहे ना?"

"हाय," जगन टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला.

"मग बरणीतला खार कोणी प्यायला?"

"कोनचा खार?" जगन उठून बसला. "देवाशपथ नाय गो! आज इतके म्हयने सपक कालवण गिळतंय, तोंडातून अक्षर काढलं का? आता चोरीचा आळ पन माझ्यावरच?"

आतून गोदूचा आवाज आला. "प्यायला असशील तर सांगून टाक. सून काय फाशी देनार नाय."

जगनने कपाळावर हात मारला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण बायको आपल्या तोंडावर इतकं सफाईने खोटं बोलेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. गोदूने सोललेल्या लसणीच्या पाकळ्या वाटीत टाकल्या. जिभेवर अजून खाराची चव होती. लाज वाटत होती, आणि आणखी प्यावासाही वाटत होता.

खरं तर गोदूला लपवाछपवी जमायची नाही. पनवेलच्या खाडीकाठी तिच्या सासरचं मिठागर होतं, तेव्हा ती पुरुषांच्या बरोबरीने लाकडी फळीने मीठ ओढायची आणि बरोबरीने भांडायचीही. मिठागराची जमीन संपादनात गेली, मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली. जगन पहिल्या मजल्यावर बसून खाली कोण आलं कोण गेलं ते बघू लागला. गोदूच्या हातातली फळी गेली, गळा मात्र राहिला. गळा तिच्या आईकडून आलेला. गोदू धवलारीण होती.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मुहूर्ताच्या घटकेपुरता. मांडवापासून हळदीपर्यंत बाकीचं सगळं धवलारीण गात गात करवून घेते. कुठल्या देवाला आधी बोलवायचं, हळद कोणाच्या हाताने दळायची, नवऱ्यामुलाच्या अंगाला ती कुठून लावायला सुरुवात करायची, हे सगळं तिच्या धवल्यांत, लग्नाच्या त्या गाण्यांत असतं. छापलेलं कुठे नसतं. पनवेल-उरणच्या कितीतरी घरांत गोदूने एका पिढीची लग्नं लावली होती आणि आता त्यांच्या पोरांची लावत होती. डीजेवाले पोरगेसुद्धा तिला बघून आवाज कमी करायचे. केला नाही, तर ती वायरच काढायची.

हे गेल्या वर्षापर्यंतचं. मग तिला थकवा येऊ लागला. आधी वाटलं, वय झालं. पन्नाशी ओलांडली की बायांना असं होतंच, असं चारजणींनी सांगितलं. जिना चढताना मध्येच बसावं लागे. सकाळी उठल्यावर भिंत धरली नाही तर डोळ्यांपुढे काळं येई. जेवण समोर आलं की मळमळे. चोळ्या ढिल्या झाल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गल्लीतल्या डॉक्टरने रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, अगदीच गळून गेली की सलाईन लावलं. सलाईन लावलं की गोदू दोन दिवस टुणटुणीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि ती काळी पडत चालली होती. ते सगळ्यांना दिसत होतं. त्यावर कोणी विचार मात्र केला नाही, कारण उत्तर तयारच होतं.

"मिठागरचं ऊन हाय ते," जगन म्हणायचा. "आमच्या घरात गोरं कोन हाय? माझा आजा तर तव्यासारखा होता."

मीठ खावंसं वाटायचं त्यालाही उत्तर तयार होतं. मिठागराच्या माणसाला मीठ लागणारच. गोदू सुरुवातीला ताटात चिमूटभर जास्त घ्यायची, मग मूठभर. करंजाहून बहिणीने पाठवलेली सुकट ती न भाजता, न धुता, तशीच खारट खायची. त्यातच जगनच्या बीपीचं निघालं. मनस्वी पनवेल शहरात वाढलेली, बालवाडीची शिक्षिका, एखादी गोष्ट पटली की ती शेवटपर्यंत नेणारी. तिने सगळ्या घराचंच मीठ कमी केलं. पापड बंद, लोणचं बंद, सुकट वरच्या फडताळात.

"एकासाठी वेगळं आणि दुसऱ्यासाठी वेगळं कुठे शिजवत बसू? कमी मीठ सगळ्यांनाच चांगलं," ती म्हणाली. आणि ते काही चूक नव्हतं. हजार घरांत बरोबर ठरलं असतं.

त्या घरात मात्र गोदू दिवसागणिक खचत गेली. मिठाचा डबा उघडावा तर झाकण वाजायचं. खाराच्या बरणीचं वाजत नव्हतं, म्हणून बरणी.

पण तिच्या मनाला लागून राहिलं होतं ते वेगळंच. वैशाखात गव्हाणच्या बाजूला एक लग्न होतं. हळदीला गोदू उभी राहिली, देवांना बोलावणं सुरू केलं, आणि अर्ध्यावर तिचे पाय विरघळल्यासारखे झाले. शुद्धीवर आली तेव्हा ती मांडवाच्या कडेला खाटेवर होती आणि बेंजो जोरात वाजत होता. नवऱ्यामुलाला हळद लागून गेली होती. राहिलेले धवले कोणी म्हटलेच नव्हते आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नव्हतं. एका म्हातारीने तेवढी तिच्या पायाशी बसून चुकचुक केली. "र्‍हाऊ दे गो गोदूबाय. आता बस झालं. पोरांना नाचायचंच असतं."

तुळशीच्या लग्नानंतर गोदूच्या भाच्याचं, बेलपाड्याच्या हृतिकचं लग्न ठरलं होतं. धाकटा भाऊ धर्मराज, त्याचा हा एकुलता मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळीच गोदूने वहिनीला सांगून ठेवलं होतं, की ह्याच्या हळदीला मी गाणार. आता तिला वाटू लागलं, उभं राहवणार नाही. आणि एकदा धवलारीण दोन मांडवांत पडली, की तिला तिसऱ्या मांडवात कोणी बोलवत नाही.

शेवटी ती पकडली गेली. एका दुपारी मनस्वी शाळेतून लवकर आली, तर सासूबाई ओट्याशी उभ्या, डावा हात ओट्याला टेकलेला, उजव्या तळहातावर खडेमिठाचा ढीग, आणि त्या तो शेंगदाण्यांसारखा खातायत. शेजारी आमटीचं भांडं उकळत होतं.

"आई!"

गोदूने मूठ मिटली. "आमटीत टाकत होते."

"तोंडातून?"

हॉलमधून जगन धावत आला. बायकोच्या ओठांवरचं मीठ बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की जणू कोर्टातून निर्दोष सुटला. "बघ! बघ! आणि मना काय म्हनत होती? सांगून टाक, फाशी देनार नाय!"

मनस्वीला हसू आलं नाही. तिने सासूचा हात धरला, तर तो गार होता, आणि मनगटात हाडच लागलं. चार महिन्यांपूर्वी ह्याच हाताने तिच्या पाठीत प्रेमाचा रट्टा बसला होता आणि ती कळवळली होती. तिने दुसऱ्या दिवशीची रजा टाकली आणि ओळखीतून पनवेलमधल्याच एका मोठ्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टर उदयसिंह मोहिते हे शरीरातल्या ग्रंथींच्या आजारांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे बहुतेक शुगरचे आणि थायरॉइडचे पेशंट यायचे.

गोदू खुर्चीत बसली. मनस्वीने तक्रारींचा पाढा वाचला. "थकवा आहे, वजन उतरलंय, हे सगळं आहेच डॉक्टर. पण ह्या माझं काही ऐकत नाहीत. मीठ खातात. नुसतं. चोरून. लोणच्याचा खार पितात. तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं तरी ऐकतील."

डॉक्टर लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं. "मीठ? आधीपासून सवय होती?"

"आमी मिठागरवाली मानसं," गोदू म्हणाली. "मीठ खानारच."

"आणि रंग? आधीपासून असाच?"

"उनाचा हाय तो. मिठागर."

"मिठागरावर शेवटचं काम कधी केलंत, मावशी?"

गोदूने आठवून बघितलं. "भावेश बारावीला होता तवा. आता त्याचं लगीन होऊन पन चार वर्सं झाली."

"मग आता ऊन कुठलं लागतं?"

गोदूने स्वतःच्या हाताकडे बघितलं. खरंच, कुठलं? ती तर दिवसभर पंख्याखाली बसलेली असायची. इतक्या सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, तिने स्वतः सांगितलं होतं, आणि मधली सगळी वर्षं कोणाला आठवलीच नव्हती.

डॉक्टरांनी तिचा तळहात उजेडात धरला. हातावरच्या रेषा काळ्या झाल्या होत्या, शाईने ओढल्यासारख्या. मग हिरड्या बघितल्या. तिथेही निळसर काळे डाग. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण होता, तो गोदूला दाखवायला सांगितला. "जिथे जन्मात ऊन पोचलं नाही तिथेही काळं आहे," ते म्हणाले. गोदूला आडवं झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभं केल्यावर पारा इतका उतरला, की त्यांनी लगेच तिला पुन्हा झोपायला लावलं.

"ताई," ते मनस्वीला म्हणाले, "ह्यांचं मीठ तुम्ही बंद केलंय का?"

"हो. घरात बीपी..."

"आजपासून सुरू करा. ह्यांना जेवढं हवं तेवढं द्या. आणि रक्त आत्ता द्यायचं, लगेच. निकाल येईपर्यंत इथेच थांबा, घरी जायचं नाही."

गोदूने पडल्या पडल्या सुनेकडे बघितलं. अंगात त्राण नव्हतं, पण त्या एका नजरेपुरतं होतं.

रक्तात मीठ फार खाली गेलं होतं आणि पोटॅशियम वर. त्याच दिवशी तिला दाखल केलं, सलाईन आणि इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. त्या ग्रंथीतून जो रस निघतो, त्याच्या जोरावर शरीर मीठ धरून ठेवतं, रक्तदाब सांभाळतं, ताप आला, मार लागला, तर झुंजतं. गोदूच्या शरीराने स्वतःच्याच ग्रंथी परक्या समजून मारल्या होत्या. ह्याला अॅडिसनचा आजार म्हणतात. क्वचित होतो, म्हणून चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. त्वचेचा रंगही त्यामुळेच. ग्रंथी काम करत नाहीत म्हणून मेंदू त्यांना हाका मारत राहतो, आणि त्या हाकांचाच रंग कातडीवर चढतो.

गोदूने हे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे बांध फुटलाय."

"काय?"

"मिठागराचा बांध फुटला ना डाक्टर, का मंग खाडीचं पानी किती पन आत घ्या, मीठ धरत नाय. सगळं वाहून जातं. मी खात होते, आनि जात होतं."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आता बांध परत बांधता येणार नाही. पण रोज गोळ्या घेतल्या तर गळती थांबते. रोज म्हणजे रोज. जन्मभर. उपास असो, लग्न असो. ताप आला तर गोळी दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही, तर जवळच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन. तेव्हा वाट बघायची नाही. ह्यात माणूस वाट बघितल्यामुळे दगावतो."

गोदूने दुसरंच विचारलं. "गाता येल का? उभ्यानं?"

"काय गाता?"

तिने सांगितलं. डॉक्टरांचं लग्न साताऱ्याकडचं, त्यांना धवलारीण ठाऊक नव्हती. सगळं ऐकून म्हणाले, "महिनाभर थांबा. मग बघा."

महिना लागला नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गोदूला सकाळी भूक लागली, साधी, कडकडून लागलेली भूक, आणि ती इतक्या दिवसांनी आली होती की आधी तिला ओळखताच येईना. घरी आल्यावर तिने आधी जिना चढून बघितला. मग उतरून पुन्हा चढून बघितला. शेजारच्या चिंधीबाईने विचारलं, "काय हरवलं का गो?" तर म्हणाली, "हरवलेलं घावलंय."

एके दिवशी कणीक मळता मळता मनस्वीला रडूच कोसळलं. "आई, मी तुमचं मीठ तोडलं. तुम्हाला मारायलाच निघाले होते मी."

"गप गो," गोदू म्हणाली. "तू डाक्टरकडं चहाडी केलीस, तवाच त्याला घावलं. दुसरी असती तर झाकून ठेवलं असतं. सासूची लाज म्हनून." आणि सुनेच्या पाठीत एक रट्टा दिला. मनस्वी रडता रडता कळवळली, आणि मग दोघीही हसत सुटल्या. तेव्हापासून घरात दोन कालवणं शिजू लागली. जगनचं सपक आणि गोदूचं खारट. जगन ताटावर बसला की बायकोच्या वाटीकडे असा बघायचा, की शेवटी तिने त्याच्याकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली.

गोळ्यांवर पहिली हरकत घेतली हृतिकने. खारघरला जिममध्ये जायचा, दंड फुगवलेले, लग्नाच्या फोटोंसाठी आणखी फुगवत होता. आत्याला भेटायला आला आणि गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"आत्या, हे स्टेरॉइड हाय! आमच्या जिममध्ये एकाने घेतलं, त्याची किडनी गेली. बंद कर आधी."

जगन घाबरला. गोदूही जराशी चरकली. गोळी सोडून आयुर्वेदिक काढा घ्यावा, असं दोन नातेवाइकांनी फोनवर सांगितलंच होतं. मनस्वीने हृतिकच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

"तुमच्या त्या मित्राच्या घरात पाण्याची टाकी भरलेली होती, तरी त्याने वरून टँकर ओतला," ती शाळेतल्या मुलांना समजवावं तशी म्हणाली. "आईंची टाकीच कोरडी आहे. ह्या फक्त रोजचं पाणी भरतायत. बंद केलं तर काय होईल?"

हृतिकने डोकं खाजवलं. "मंग... घे आत्या."

"घेतेच हाय," गोदू म्हणाली. "तू तेवढे दंड कमी कर. हळद पुरवायची किती?"

पावसाळा सरता सरता तिच्या तळहाताच्या रेषा फिकट होऊ लागल्या. हिरड्यांचे डाग विरत गेले. बांगड्या पुन्हा मनगटावर थांबल्या. दुपारची गोळी घेऊन ती गच्चीत जायची आणि सगळे धवले पहिल्यापासून म्हणून बघायची, उभ्याने.

हृतिकच्या हळदीचा दिवस उजाडला. बेलपाड्याला धर्मराजच्या दारात मांडव पडला होता, चारी बाजूंनी खारघरचे टॉवर आणि मध्ये ते गावठाण, केळीचे खांब, आंब्याची पानं. गोदू आदल्या दिवशीच मुक्कामाला गेली होती. माहेरच्या ताटाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून सकाळी तिने उरलेलं कोलंबीचं कालवण खाल्लं. दुपारी पोटात ढवळलं. एकदा उलटी झाली. तिने तोंड धुतलं, गोळी घेतली. घटकाभराने तीही बाहेर आली.

अंगणात बायका जमल्या होत्या. हृतिक उघड्या अंगाने पाटावर बसला होता. हळदीचं ताट तयार होतं. एक वहिनी म्हणाली, "लिंबूसरबत घे गो, बरं वाटंल. एवढी हळद लावून घे, मंग जा काय दवाखान्यात जायचं ते."

बोलणं वाईट नव्हतं. वर्षापूर्वी गोदूने तेच केलं असतं, ओठ दाबून उभी राहिली असती. आत्ताही तिच्या मनात आलं, अर्ध्या तासाचं तर काम. गव्हाणचा मांडव डोळ्यांपुढे आला. इथून निघाले तर बेंजोवाले सुरू होतील, आणि हृतिकलाही माझ्यावाचून हळद लागेल. पाय थरथरायला लागले होते. ही थरथर तिच्या ओळखीची होती. वाट बघायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

ती मांडवाच्या मध्यभागी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धर्मा, मी इंजेक्शन घेऊन येते. थांबायचं तर थांबा. नायतर लावा हळद. पन मी आता उभी राहिले तर पडंन, आनि या वेळेला उठनार नाय."

धवलारीण असं कधी बोलत नाही. सकाळीच पनवेलहून आलेल्या मनस्वीने स्कूटर काढली. जवळच्या हॉस्पिटलमध्ये तिने आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टर मोहित्यांना फोन लावून दिला, आणि नर्सने इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. बाटली सावकाश उतरत होती. गोदू खिडकीबाहेर बघत होती आणि कान बेलपाड्याकडे लावून होती, जणू बेंजो इथपर्यंत ऐकू येणार. अंगातली थरथर हळूहळू निवळली. ती गेली तसं तिचं मनही शांत झालं. लावली असेल हळद, तर लावली असेल. आपण जिवंत परत जातोय ना.

परत आल्या तेव्हा ऊन कलायला आलं होतं. अंगणात बेंजो नव्हता. बेंजोवाले मांडवाबाहेर वडापाव खात बसले होते. बायका गप्पा मारत होत्या, दोघी पेंगत होत्या. आणि हृतिक अजून पाटावर, तसाच उघडा, कोरडा, मच्छर मारत.

"आत्या!" तो ओरडला. "कवाची बसलीय मंडळी. बाबा बोलले, आत्या आल्याशिवाय हळदीला हात लावाल तर हात तोडीन."

धर्मराजने बहिणीसाठी खुर्ची आणून ठेवली. गोदूने खुर्चीकडे बघितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उभीच राहिली. मनस्वी शेजारी येऊन थांबली. हातात मीठ घातलेलं लिंबूपाणी होतं, कोणी मागितलेलं नसताना.

गोदूने सुरुवात केली. आधी गणपतीला बोलावलं, मग एकवीरेला, मग खाडीच्या देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, नावानिशी. पेंगणाऱ्या बाया जाग्या झाल्या आणि मागून सूर धरू लागल्या. आवाज पहिल्या दोन कडव्यांत जरा खरखरला, मग मोकळा झाला. गावागावांचे देव एकेक करून मांडवात येत राहिले.

"आत्या," हृतिकने खालून हळूच विचारलं, "आता तरी लावा ना हळद. थंडी वाजतंय."

"गप बस," गोदू श्वास घेता घेता म्हणाली. "अजून गावदेवी यायची हाय."